कॉम्प्युटर कामात बुडाला की सिंकथिंग का तुटतं? शोधायचं कसं, थांबवायचं कसं

माझ्या मावसभावाचा इचलकरंजीत फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत रोज रात्री साडेआठच्या सुमाराला त्याचा फोन ठरलेला. "दादा, परत डिस्कनेक्टेड दाखवतंय." स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवरचं दिवसभराचं शूटिंग सिंकथिंगनं, म्हणजे दोन कॉम्प्युटरवरची फोल्डरं सारखी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, घरच्या कॉम्प्युटरवर जातं आणि घरी त्याची बायको अल्बम लावते. दिवसभर सगळं सुरळीत. रात्री व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की मात्र जोडणी तुटायची, दोन मिनिटांनी जुळायची, पुन्हा तुटायची. त्यानं केबल बदलली, राउटर बदलला, नेटवाल्याशी दोनदा भांडण झालं. नेटवाला बिचारा निर्दोष निघाला.

अशा सॉफ्टवेअरमध्ये मधे कुठला मोठा सर्व्हर तुमच्या फाईली सांभाळत बसलेला नसतो. दोन्ही टोकांना आपलेच घरगुती कॉम्प्युटर. एकानं ठरलेल्या वेळात 'हो, मी आहे' असं म्हटलं नाही की दुसरा फोन ठेवून देतो. त्यामुळे वायर धडधाकट असतानाही जोडणी तुटू शकते, फक्त एका टोकाला उत्तर द्यायला सवड नसली तरी पुरे. हा लेख त्या सवड नसलेल्या कॉम्प्युटरबद्दल आहे. उदाहरण सिंकथिंगचं आणि विंडोजचं घेतलंय, कारण रोज हाताखाली तेच असतं. टॉरेंटचं सॉफ्टवेअर असेल तरी शोधायची रीत बहुतेक हीच.

आधी तुटणं समजून घ्या

सिंकथिंग दोन रस्त्यांनी बोलतं, टीसीपी आणि क्विक. एरवी हा फरक कळला नाही तरी बिघडत नाही. कॉम्प्युटर कामात असला की मात्र सगळा खेळ याच फरकाचा असतो.

टीसीपीमध्ये आलेल्या मालाची पोचपावती ऑपरेटिंग सिस्टीम देते, सिंकथिंग नव्हे. दुकानाचा मालक आत हिशोबात गुंतलाय, पण गल्ल्यावरचा पोऱ्या पार्सल घेऊन सही करतोय, तसं. ठेवायला जागा उरली नाही तर पोऱ्या 'जरा थांबा' म्हणतो, पण शटर ओढत नाही. क्विक हे यूडीपीवर चालतं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम पोचपावती देत नाही अशा साध्या मार्गावर, आणि तिथे पोऱ्या नाही. प्रत्येक पोचपावतीवर मालकालाच, म्हणजे सिंकथिंगलाच, सही करावी लागते. प्रोसेसर किंवा डिस्क मिळाली नाही म्हणून सिंकथिंग अडकलं, की पावत्याही अडकल्या.

आता वेळेची गणितं पाहा. क्विकच्या जोडणीवर ३० सेकंद काहीच हालचाल झाली नाही तर सिंकथिंग ती मेली असं समजतं. टीसीपीवर मुदत बरीच मोठी आहे: बोलण्यासारखं काही नसेल तर दर ९० सेकंदांनी सिंकथिंगचा स्वतःचा पिंग, म्हणजे 'मी आहे' असा छोटा निरोप, जातो आणि ३०० सेकंद समोरून काहीच आलं नाही तर जोडणी बंद होते. म्हणजे पाऊण मिनिट गोठणारा कॉम्प्युटर टीसीपीवर निभावून जातो आणि क्विकवर पडतो. तुटल्यावर पुन्हा जुळवायचा प्रयत्न साधारण मिनिटानं होतो. त्या वेळी सुरुवातीची एन्क्रिप्शनची बोलणी १० सेकंदांत पुरी व्हावी लागतात. कॉम्प्युटर अजून गोठलेलाच असेल तर तीही फसतात. 'एकदा तुटलं की लवकर जुळतच नाही' ही तक्रार इथून येते.

पहिलं काम: घड्याळ

काहीही बदलण्याआधी एक रात्र नुसती नोंद करा. सेटिंगला हात लावायचा नाही. सिंकथिंगच्या पानावर ॲक्शन्समध्ये लॉग्स आहेत, तिथे प्रत्येक ओळीपुढे वेळ असते. जोडणी तुटल्याच्या ओळी शोधा आणि वहीत वेळ लिहा. शेजारी लिहा, त्या क्षणी कॉम्प्युटर काय करत होता: एक्स्पोर्ट, बॅकअप, अँटिव्हायरसचं स्कॅन, विंडोज अपडेट. दुसऱ्या टोकाचा लॉगही त्याच वेळेचा काढा. बहुतेक जण एकाच बाजूचा लॉग बघतात आणि निम्मी गोष्ट वाचून निकाल देतात.

ओळीत कारणही असतं. 'रीड टाइमआउट' किंवा क्विकवर 'टाइमआउट: नो रीसेंट नेटवर्क ॲक्टिव्हिटी' म्हणजे समोरचा गप्प राहिला. ही ओळ ज्या कॉम्प्युटरच्या लॉगमध्ये आहे तो बहुधा निरोगी, आजारी तो समोरचा. मावसभाव पंधरा दिवस घरच्या कॉम्प्युटरमध्ये दोष शोधत होता, कारण ही ओळ तिथे दिसायची. 'कनेक्शन रीसेट' असेल तर कुणीतरी जोडणी जाणूनबुजून मोडली: समोरचं सॉफ्टवेअर बंद पडून पुन्हा सुरू झालं असेल, किंवा मधल्या राउटरनं नोंद पुसली असेल. 'नो रूट' किंवा 'नेटवर्क अनरीचेबल' दिसलं तर खरंच नेट गेलंय. मग हा लेख बाजूला ठेवून नेटवाल्याला फोन करायला हरकत नाही.

एक खबरदारी. सिंकथिंगची २.० ही आवृत्ती २०२५ मध्ये आली. त्या आवृत्तीची दोन उपकरणं आपसांत एकाऐवजी तीन जोडण्या ठेवतात, एक यादीसाठी आणि दोन मालासाठी. त्यामुळे लॉगमध्ये एखादी जोडणी बंद झाल्याची ओळ दिसली म्हणून उपकरणच तुटलं असं नाही. जुन्या आवृत्तीवरून नवीवर गेल्यावर पहिल्यांदा डेटाबेस, म्हणजे सिंकथिंगची फाईलींची नोंदवही, नव्या साच्यात ओतला जातो. फाईली भरपूर असतील तर त्याला बराच वेळ लागतो आणि तोवर जोडणी दिसत नाही. तो बिघाड नव्हे, वाट पाहा.

दुसरं काम: कोणत्या रस्त्यानं जोडलंय

रिमोट डिव्हाइसच्या चौकटीत 'कनेक्शन टाइप' दिसतो. टीसीपी लॅन, टीसीपी वॅन, क्विक वॅन, रिले वॅन यांपैकी काय आहे ते वहीत लिहा. लॅन म्हणजे घरातलंच नेटवर्क, वॅन म्हणजे बाहेरचं इंटरनेट. सिंकथिंगचा कल मुळात टीसीपीकडे असतो. दोन्ही बाजूंच्या राउटरनी आत येणारी टीसीपी अडवली की ते क्विकचा बोगदा काढतं आणि तोही जमला नाही तर रिलेवर जातं. रिले म्हणजे माल नुसता पुढे ढकलणारे मधले सर्व्हर, ते स्वयंसेवकांनी चालवलेले असतात. माल एन्क्रिप्ट केलेलाच जातो, पण वेगाची आणि स्थैर्याची अपेक्षा तिथे ठेवू नये.

क्विक वॅन किंवा रिले दिसत असेल तर मी बाकी काही करण्याआधी टीसीपीची सोय करतो. दोन्ही टोकं उघडी असायची गरज नाही, एक पोहोचण्याजोगं असलं की पुरे, दुसरं स्वतःहून जोडून घेतं. ज्या टोकाला राउटरमध्ये शिरता येतं तिथे टीसीपीचं २२००० क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे सिंकथिंगच्या जोडणीचं दार, सिंकथिंगच्या कॉम्प्युटरकडे वळवा आणि त्या कॉम्प्युटरचा घरातला आयपी पत्ता राउटरमध्ये कायमचा बांधून टाका, नाहीतर महिन्याभरात पत्ता बदलेल आणि पोर्ट भलत्याच मोबाईलकडे वळलेलं सापडेल.

त्याआधी राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर तुम्ही नेट कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात आणि तिथे पोर्ट वळवून काही उपयोग नाही. मग दुसरं टोक तपासा. दोन्हीकडे तेच रडगाणं असेल तर आयपीव्ही६ बघा. भारतात अनेक कंपन्या ते देतात आणि त्यात पत्ता वाटून घ्यायची भानगड नसते. राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या एका कॉम्प्युटरसाठी २२००० उघडलं की काम होतं.

तिसरं काम: दोष मशीनचा की लाइनचा

इथे बरेच जण पिंगला फसतात. कमांड प्रॉम्प्टमधून समोर पिंग करतात, छान उत्तरं येतात आणि म्हणतात, कॉम्प्युटर तर ठणठणीत आहे. पण पिंगलाही उत्तर देतो तो गल्ल्यावरचा पोऱ्याच. मालक आत बेशुद्ध असला तरी पिंग चालू राहील. म्हणून पिंग चांगला आणि जोडणी तुटलेली, अशी जोडी दिसली तर बोट मशीनकडे जातं.

करायचं असं. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीतून आपल्याच राउटरला आणि दुसरीतून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला सतत पिंग चालू ठेवा. मग नेहमीचं जड काम सुरू करा. राउटरचाच पिंग शेकडो मिलिसेकंदांवर उडाला तर घरातलं वाय-फाय तपासा, आणि शक्य असेल तर सरळ केबल लावा. राउटरपर्यंत ठीक पण बाहेरचा उडाला, तर लाइन तुंबलीय. दोन्ही शांत राहिले आणि तरीही तुटलं, तर मशीन.

आणखी एक सोपी खूण: जोडणी तुटली तेव्हा घरातल्या मोबाईललाही वाय-फायवर त्रास झाला का? झाला असेल तर राउटर किंवा लाइन. मोबाईल मजेत चालत होता, तर तुमचा कॉम्प्युटर.

डिस्क, बहुतेक वेळा डिस्कच

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा. सगळ्यांची नजर आधी सीपीयूच्या आकड्यावर जाते. तुम्ही डिस्कवर टिचकी मारा. 'ॲक्टिव्ह टाइम' १०० टक्क्यांना चिकटलाय का आणि 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' किती आहे, हे बघा. साध्या हार्ड डिस्कला दहा-वीस मिलिसेकंद लागणं रास्त. तिथे पाचशे, हजार, तीन हजार दिसू लागले, की त्या डिस्ककडून काही मागणारा प्रत्येक प्रोग्रॅम रांगेत उभा आहे. सिंकथिंगचा डेटाबेसही त्याच डिस्कवर असेल तर तेही त्याच रांगेत. काही स्वस्त हार्ड डिस्कमध्ये माग कौलांसारखे एकावर एक रचलेले असतात. सलग लिहिणं चाललं की त्या आणखीच आडव्या होतात.

स्टुडिओत नेमकं हेच होतं, आणि वर एक चूक. एक्स्पोर्ट थेट सिंक होणाऱ्या फोल्डरमध्येच व्हायचा. सिंकथिंग फोल्डरवर नजर ठेवून असतं. फाईल बदलली की थोडं थांबून ती वाचायला घेतं, तुकड्यांचे हॅश, म्हणजे प्रत्येक तुकड्याचा ओळख-आकडा, काढतं. वीस जीबीची फाईल अजून लिहिली जातेय, तोच ती वाचली जातेय, वाचता वाचता पुन्हा बदलतेय, पुन्हा पहिल्यापासून. एकाच डिस्कवर एक जण लिहितोय, दुसरा वाचतोय आणि डिस्कची सुई दोघांमध्ये धावून दमतेय.

उपाय फुकटचा आहे. एक्स्पोर्टसाठी सिंकच्या बाहेर वेगळं फोल्डर करा आणि काम पूर्ण झाल्यावर फाईल सिंकच्या फोल्डरमध्ये हलवा. दोन्ही फोल्डर एकाच ड्राइव्हवर असतील तर हलवणं क्षणात होतं, कारण माल जागेवरच राहतो, फक्त पाटी बदलते. सिंकथिंगला पूर्ण झालेली फाईल एकदाच दिसते आणि एकदाच वाचावी लागते. संपादनाचं सॉफ्टवेअर कॅश आणि प्रीव्ह्यूच्या फाईली त्याच फोल्डरात टाकत असेल, तर त्या 'इग्नोअर पॅटर्न्स'मध्ये घाला किंवा त्यांची जागाच बदला.

यानंतर ॲक्शन्समधल्या ॲडव्हान्स्डमध्ये, ऑप्शन्सखाली, 'मॅक्स फोल्डर कन्करन्सी' शोधा. तिथे शून्य असतं. त्याचा अर्थ, प्रोसेसरला जितके धागे (थ्रेड) तितकी फोल्डरं एकाच वेळी तपासायची मुभा. एसएसडीला ते पेलतं. हार्ड डिस्कवर तिथे १ लिहा, म्हणजे फोल्डरं एकामागून एक घेतली जातील. प्रत्येक फोल्डरची पूर्ण तपासणी मुळात दर तासाला, म्हणजे ३६०० सेकंदांनी होते. बदलांवर नजर ठेवायची सोय चालू असेल आणि फाईली लाखांत असतील तर मी तो आकडा ८६४००, म्हणजे दिवसातून एकदा करतो.

डेटाबेस एसएसडीवर हलवता आला तर फारच उत्तम. कॉम्प्युटरमध्ये अगदी लहान एसएसडी असली तरी चालेल. आणि अँटिव्हायरस: सिंकथिंगच्या डेटाबेसचं फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळा. विंडोजवर ते तुमच्या खात्याच्या लोकल ॲप डेटामध्ये सिंकथिंग याच नावानं असतं. सिंक होणाऱ्या फाईलींचं फोल्डर मात्र वगळू नका. तिथे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून माल येतो, तपासणी व्हायलाच हवी, मग थोडा वेळ गेला तरी चालेल.

मेमरी

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली 'कमिटेड' हा आकडा बघा. बसवलेल्या रॅमच्या तो बराच पुढे गेला असेल तर विंडोज कमी वापरातली पानं डिस्कवरच्या पेज फाईलमध्ये ढकलतंय. गप्प बसलेलं सिंकथिंग अशा वेळी पहिल्या फळीत ढकललं जातं. मग पिंग द्यायची वेळ आली की आधी स्वतःचीच पानं डिस्कवरून ओढून आणायची, आणि ती डिस्क वर सांगितली त्या अवस्थेत. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इतर प्रोग्रॅमसाठी इतकी रॅम राखून ठेवा' अशी सोय असेल तर तिथे दोनेक जीबी वाढवा. ब्राउझरचे साठ टॅब हाही एक आजारच, पण त्याबद्दल घरच्यांना बोलून उपयोग होत नाही असा माझा अनुभव.

प्रोसेसर आणि सिंकथिंगचा सभ्यपणा

ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: सिंकथिंग सुरू होताना स्वतःचा अग्रक्रम स्वतःच खाली आणतं. विंडोजवर ते 'बिलो नॉर्मल' होऊन बसतं. लिनक्सवर नाइस ९ घेतं आणि डिस्कच्या रांगेतही एक पायरी मागे सरकतं. एरवी हा सभ्यपणा छान. पण सगळे कोर गिळणारा एक्स्पोर्ट 'नॉर्मल'वर चालू असेल तर पंगतीत शेवटी बसणाऱ्याच्या पानात उशिरा पडतं. विंडोज उपाशी राहिलेल्याला अधूनमधून घास भरवतं, म्हणून नुसत्या सीपीयूमुळे जोडणी तुटल्याचं मी क्वचितच पाहिलंय. डिस्क आणि सीपीयू दोन्ही भरले की मात्र तुटते.

दोन मार्ग आहेत, एकच निवडा. पहिला: ॲडव्हान्स्डमध्ये 'सेट लो प्रायॉरिटी'ची खूण काढून सिंकथिंग पुन्हा सुरू करा. दुसरा: टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये एक्स्पोर्ट करणाऱ्या प्रोग्रॅमवर उजवी टिचकी मारून त्यालाच 'बिलो नॉर्मल' करा, किंवा 'सेट अफिनिटी'मधून त्याचा एखादा कोर काढून घ्या. मला दुसरा पटतो, माउसही हलका चालतो. पण प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला की ती सेटिंग जाते, म्हणून रोज विसरणाऱ्यानं पहिला मार्ग घ्यावा. डिटेल्समध्ये सिंकथिंग दोनदा दिसेल. गोंधळू नका, एक काम करणारं आणि दुसरं त्याच्यावर लक्ष ठेवणारं. काही झालं तरी 'रिअलटाइम' देऊ नका. नवीन विंडोजमध्ये नावापुढे हिरवं पान दिसत असेल तर ती 'एफिशियन्सी मोड'ची खूण. सिंकथिंगवर ते पान असेल तर काढा.

हॅश काढणाऱ्या धाग्यांची संख्या, म्हणजे 'हॅशर्स', वाढवायचा मोह टाळा. विंडोजवर ती मुद्दाम एकच ठेवलेली असते. कॉम्प्रेशनही 'मेटाडेटा'वरच राहू द्या. फोटो आणि व्हिडिओ आधीच आवळलेले असतात, पुन्हा आवळून फक्त प्रोसेसर तापतो.

लाइन तुंबत असेल तर

बाहेरचा पिंग उडत असेल, तर बहुधा अपलोड भरलाय. क्लाउड बॅकअप आणि सिंकथिंग दोघेही जितकं मिळेल तितकं पाठवू लागले की राउटरच्या पोटात रांग साचते आणि छोट्या पोचपावत्या त्या रांगेच्या शेवटी अडकतात. खरा अपलोड वेग मोजा आणि सेटिंग्जमधल्या कनेक्शन्सखाली 'आउटगोइंग रेट लिमिट' त्याच्या ८० टक्के ठेवा. तिथे एकक किबिबाइट प्रतिसेकंद आहे, मेगाबिट नाही. १० एमबीपीएसचा अपलोड म्हणजे सुमारे १२२० किबिबाइट, त्याचे ८० टक्के साधारण ९७५. घरातल्या घरात चालणाऱ्या सिंकला ही मर्यादा मुळात लागू होत नाही, त्यामुळे तिथला वेग कमी होत नाही. बॅकअपच्या सॉफ्टवेअरलाही वेगळी मर्यादा घाला, नाहीतर तुम्ही सोडलेली जागा तेच बळकावेल.

त्याच घरात टॉरेंट चालू असेल तर त्याच्या जोडण्यांची कमाल संख्या शे-दीडशेवर आणा. स्वस्त राउटरमध्ये चालू जोडण्यांची यादी ठेवायला जागा मोजकी असते. ती भरली की नवी जोडणी होत नाही, जुन्यांच्या नोंदीही पुसल्या जाऊ शकतात.

लिनक्सवर असाल तर

वरचं सगळं लागू आहेच. शिवाय लॉगमध्ये यूडीपीचा 'रिसीव्ह बफर' हवा तितका वाढवता आला नाही अशी तक्रार दिसते का बघा. दिसली तर कर्नलची नेट-कोर-आरमेम-मॅक्स ही मर्यादा ७५ लाख बाइटपर्यंत वाढवा, क्विकला श्वास घ्यायला जागा मिळेल. फाईलींवर नजर ठेवायची आयनोटिफायची मर्यादा कमी पडत असेल तर तिचीही तक्रार लॉगमध्येच सापडते. ती वाढवली नाही तर बदल लगेच कळत नाहीत आणि सगळा भार पूर्ण तपासणीवर येतो.

बदल एकेक करा, दोन बदलांमध्ये किमान एक पूर्ण रात्र जाऊ द्या आणि प्रत्येक बदल तारखेसह वहीत लिहा. मावसभावानं अधीर होऊन एकदा पाच गोष्टी एकाच संध्याकाळी बदलल्या, सगळं नीट चाललं, आणि कशामुळे ते कुणालाच कळलं नाही. मग सगळं पूर्ववत करून पुन्हा शोधलं. एक्स्पोर्टचं फोल्डर बाहेर काढल्यावर तुटणं एका रात्रीत पंधरावरून दोनवर आलं. स्टुडिओच्या राउटरवर २२००० वळवल्यावर 'क्विक वॅन'च्या जागी 'टीसीपी वॅन' आलं आणि ती दोनही गेली. प्रोसेसरच्या सेटिंगला हातच लावावा लागला नाही.

आता लॉगमध्ये रोज एकच ओळ उरते, रात्री एकच्या पुढची. घरचा कॉम्प्युटर अर्धा तास कुणी हात लावला नाही की झोपतो आणि जोडणी जाते. पॉवर सेटिंगमध्ये ते बंद करता येतं, पण तोवर अल्बमचं काम आटोपलेलं असतं आणि विजेचं बिल घरच्याच खात्यातून जातं, म्हणून ते तसंच ठेवलंय.